गायक-नटाची घडण आणि उपजीविका : धसई-मुरबाड परिसरातील इच्छुकांसाठी

संगीत नाटकात भूमिका करणाऱ्या आणि त्या भूमिकेच्या वाट्याची पदे रंगमंचावर स्वतःच गाणाऱ्या कलावंताला मराठीत गायक-नट किंवा गायिका-अभिनेत्री म्हणतात. ‘पद’ म्हणजे विशिष्ट पात्राच्या तोंडी, विशिष्ट प्रसंगासाठी योजलेली गेय रचना. ती कथानकातून बाहेर काढून मैफलीत गायली, की तिला नाट्यगीत म्हणण्याचा प्रघात आहे. हा फरक केवळ नावापुरता नाही, कारण मैफलीत नाट्यगीत रंगवणारे गायक महाराष्ट्रात गावोगाव सापडतात, मात्र संवाद बोलता बोलता सूर न चाचपडता पदात शिरणारा आणि पद संपताच पुन्हा पात्राच्या नजरेने समोरच्याकडे पाहणारा कलावंत विरळा असतो. मुरबाड तालुक्यातील धसई आणि त्याच्या आसपासच्या मुरबाड-शहापूरच्या गावांत भजनात, शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गावच्या नाटकात ज्यांच्या आवाजाला दाद मिळते, अशा मुलामुलींसाठी आणि हा नाद पुढे व्यवसाय होऊ शकेल काय, असा प्रश्न पडलेल्या त्यांच्या पालकांसाठी पुढील विवेचन आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, ती ही की गायक-नट नावाची पगारी जागा आज कोठेही अस्तित्वात नाही. ती एकेकाळी होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले, आणि त्यानंतर किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व, बलवंत अशा ज्या नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या मुलाचा आवाज पारखून त्याला आपल्याकडे घेत, त्याच्या जेवणाखाण्याची सोय करीत, त्याला गाणे व नक्कल शिकवीत (‘नक्कल’ म्हणजे पाठ करावयाचे भूमिकेचे संवाद) आणि तयार झाल्यावर त्याला पगारावर ठेवीत किंवा क्वचित भागीदारही करून घेत. मंडळी हीच शाळा होती, वसतिगृह होती आणि मालकही होती. ही व्यवस्था मोडली, तिच्या जागी कंत्राटी प्रयोगांची आणि ‘नाईट’ची, म्हणजे दर प्रयोगामागे ठरावीक रक्कम देण्याची, पद्धत आली, आणि जी जबाबदारी पूर्वी मंडळी उचलत असे ती सगळी आता कलावंताच्या एकट्याच्या अंगावर आली आहे. मंडळ्यांच्या काळाविषयी हळवे होण्याचेही फारसे कारण नाही. रसिकांनी डोक्यावर घेतलेली गंधर्व नाटक मंडळी कर्जाच्या ओझ्याखाली दबली आणि तिचे मालक असलेल्या बालगंधर्वांच्या उमेदीची पुष्कळ वर्षे ते कर्ज फेडण्यात गेली.

या इतिहासातून इच्छुकाने घ्यावयाचा बोध असा, की उपजीविकेचा दुसरा आधार असणे हा कलेशी केलेला द्रोह मानू नये. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे दीर्घकाळ लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करीत होते, आणि ‘मत्स्यगंधा’, ‘ययाती आणि देवयानी’ गाजवणारे रामदास कामत एअर इंडियात नोकरीला होते. त्यामुळे गाणे, अभिनय आणि पोटाला आधार देणारे एखादे कौशल्य या तिन्ही गोष्टी पहिल्यापासून बरोबरीने जोपासणे हाच या क्षेत्रात टिकण्याचा खात्रीचा मार्ग होय. दहावी-बारावी अर्धवट सोडून गाण्यामागे लागण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो मानू नये.

धसई परिसरातील मुलाच्या आवाजाची पहिली घडण बहुधा भजनी मंडळात, हरिपाठात आणि अखंड हरिनाम सप्ताहात झालेली असते, आणि ही पुंजी समजली जाते त्याहून मोठी आहे. शब्द समूहापर्यंत पोचवण्याची सवय, पखवाजाच्या ठेक्यावर सम न चुकवता येण्याचे अंगवळण, तासन्‌तास उभे राहून गाण्याची ताकद आणि लोकांसमोर न बुजण्याचे धैर्य या चारही गोष्टी शहरातील संगीतवर्गात वाढलेल्या विद्यार्थ्याला पुढे कष्टाने मिळवाव्या लागतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे. टाळ-पखवाजाच्या गजरावर चढ करण्यासाठी गळा ताणून, वरच्या पट्टीत ओरडून गाण्याची खोड लागलेली असते. मंद्र सप्तकाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, रियाज झालेला नसतो. आणि चाल पाठ असली तरी स्वरांची नावे ठाऊक नसतात. पहाटे खर्ज लावणे, म्हणजे खालच्या षड्जावर श्वास पुरेल तोवर स्थिर राहणे, हा या खोडीवरचा जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. तो निदान वर्षभर नेमाने केल्याशिवाय गुरूने ताना शिकवू नयेत आणि शिष्याने मागू नयेत. मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक पथ्य असते: तेराव्या ते सोळाव्या वर्षांच्या दरम्यान आवाज फुटतो, त्या काळात सप्ताहात रात्ररात्र गाऊन घशावर ताण दिल्यास होणारे नुकसान नंतर भरून काढणे अवघड असते, म्हणून त्या दोन-तीन वर्षांत गाणे कमी आणि पेटी, तबला व स्वरज्ञान अधिक असा क्रम ठेवावा.

उच्चारांचा प्रश्न निराळा आहे. या भागातील आगरी, कुणबी, ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांतील बोलींना आपापली लय आहे, आणि त्यांपैकी काही बोलींत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो, तर जुन्या नाट्यपदांची भाषा संस्कृतप्रचुर, जोडाक्षरांनी भरलेली आणि श-ष, न-ण, ल-ळ यांचा काटेकोर भेद मागणारी असते. येथे पुष्कळ विद्यार्थी आपल्या बोलीची लाज बाळगू लागतात, ते अनाठायी आहे. नटाला दोन जिभा लागतात; प्रमाण उच्चार ही त्यांपैकी एक, आणि ती मोठ्याने वाचनाने, स्तोत्रांच्या किंवा आर्यांच्या पठणाने वर्ष-दोन वर्षांत कमावता येते, परंतु घरची बोली कोणत्याही वर्गात शिकता येत नाही व आजच्या लेखक-दिग्दर्शकांना ती हवी असते.

शास्त्रीय गायनाच्या शिक्षणासाठी धसईकरांना मुरबाडमार्गे कल्याण गाठणे हाच व्यवहार्य पर्याय आहे. शहापूरकडच्यांना आसनगाव किंवा वासिंदहून लोकलची सोय आहे, मुरबाडकरांची मदार रस्त्यावर आणि एसटीवर आहे. कल्याण हे गाण्याच्या दृष्टीने दुय्यम गाव नव्हे. तेथील कल्याण गायन समाज ही जुनी संस्था भास्करबुवा बखले यांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव भरवते, आणि ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली देणारे भास्करबुवा हेच बालगंधर्वांचे गुरू होते, हे लक्षात घेतले तर नाट्यसंगीताच्या विद्यार्थ्याने तो महोत्सव का चुकवू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि पुढे अलंकारपर्यंत चढत जातात. विशारद ही पदवी शिकवणी घेण्यासाठी आणि पुढील प्रवेशासाठी उपयोगी पडते, मात्र परीक्षेत गायलेले राग आणि रंगमंचावर लागणारा गळा यांत अंतर असते, याचे भान ठेवावे. आठवड्यातून एकदा जाणे शक्य असेल तर वर्ग सकाळचा निवडावा, कारण संध्याकाळच्या वर्गात लक्ष गाण्यावर राहत नाही, शेवटच्या गाडीवर राहते.

पदे कोणत्या क्रमाने शिकावीत, याबाबत सामान्यतः होणारी चूक अशी, की विद्यार्थी थेट ‘कट्यार’च्या पदांना हात घालतो, कारण २०१५च्या चित्रपटामुळे ती सर्वांच्या कानांवर आहेत. हा क्रम उलटा आहे. किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मधील शंभराहून अधिक पदांच्या चाली कीर्तन, लावणी, साकी, दिंडी अशा त्या काळच्या लोकांना ठाऊक असलेल्या घाटांच्या आहेत. साकी आणि दिंडी ही छंदांची नावे असून त्या छंदांतील रचना तालाच्या फार खटाटोपाविना, जवळजवळ बोलल्यासारख्या म्हटल्या जातात. भजनातून आलेल्या गळ्याला हे घाट परके वाटत नाहीत, आणि बोलण्यातून गाण्यात कसे जावे याचा पहिला धडा त्यांतच मिळतो. त्यानंतर देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) आणि ‘संशयकल्लोळ’ या नाटकांकडे वळावे. तेथे प्रसंग घरगुती, भाषा सोपी आणि विनोद जिवंत असल्याने अभिनय झाकून केवळ गळा दाखवण्याची सोयच राहत नाही. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला (१९११) गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली दिल्या आणि ‘स्वयंवर’मध्ये (१९१६) भास्करबुवांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदे बांधली, ही तिसरी पायरी असून ती चढण्यापूर्वी मध्यमापर्यंतचे रागज्ञान हवे. जितेंद्र अभिषेकींनी चाली दिलेल्या ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार’च्या (१९६७) पदांना शेवटचा मान द्यावा. ‘कट्यार’ तर घराण्यांच्या अहंकारावरचे नाटक असल्यामुळे तेथे तान हाच संवाद ठरतो, आणि तशी तान घेण्याइतका गळा नसताना ती भूमिका करणे म्हणजे पात्राचे अर्धे संवाद गाळण्यासारखे आहे.

पट्टीचा विषय बहुतेक मार्गदर्शनांत एका वाक्यात उरकला जातो, वस्तुतः रंगमंचावर अर्धे अनर्थ त्यातूनच घडतात. पट्टी म्हणजे गायकाने आपला ‘सा’ म्हणून धरलेला पेटीवरील स्वर. पुरुष सामान्यतः काळी एक किंवा तिच्या आसपास आणि स्त्रिया काळी चारच्या आसपास गातात; मैफलीत प्रत्येकाचा तानपुरा स्वतंत्र असल्याने याची अडचण होत नाही, पण ‘सौभद्र’सारख्या नाटकात अर्जुनाचे पद संपून काही संवादांनंतर सुभद्रेचे पद सुरू होते आणि साथीला ऑर्गन एकच असतो. काळी एक आणि काळी चार यांच्यात पंचमाचे अंतर आहे, म्हणजे पुरुषाचा ‘प’ तोच स्त्रीचा ‘सा’ होतो. मुरलेला ऑर्गनवादक हा धागा पकडून संवादांच्या आडून हळूच नवा षड्ज भरतो, आणि नटीने समोरच्याचे बोलणे ऐकत असल्याचा अभिनय चालू ठेवून तो कानात साठवायचा असतो. ऑर्गन, ज्याला जुने लोक पायपेटी म्हणत, त्याच्यासमोर बसून असा बदल दोनशे वेळा घोटल्याशिवाय तो अंगी येत नाही. ऑर्गन आता सहज मिळत नसला तरी भजनी मंडळाची साधी पेटी या सरावाला पुरते. पेटीवाल्याने काही वाक्ये मोठ्याने वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या मागे मध्येच पट्टी बदलावी आणि वाक्य संपताच विद्यार्थ्याने न थांबता नव्या षड्जावर पद उचलावे, एवढीच त्याची कृती आहे. त्याच वेळी पदाला लांबी किती द्यावी, हा विवेकही शिकावा. बालगंधर्वांच्या काळी प्रयोग रात्रभर चालत आणि एकेका पदाला अनेक ‘वन्समोअर’ मिळत. आज तीन तासांच्या आत नाटक संपवावे लागते, तेव्हा पदातील चौथी तान प्रसंगाला काही देते काय, याचे उत्तर नकारार्थी असेल तर ती घेऊ नये.

अभिनयाच्या शिक्षणासाठी विद्यापीठीय वाटा उपलब्ध आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत, नृत्य आणि नाट्य हे तिन्ही विषय गुरुकुल पद्धतीने शिकवले जातात, आणि गायक-नट होऊ पाहणाऱ्याला एकाच आवारात दोन्हीकडचे कान लाभावेत या दृष्टीने ही महाराष्ट्रातील सर्वांत सोयीची जागा मानावी लागेल. मुंबई विद्यापीठाच्या थिएटर आर्ट्स आणि लोककला या दोन्ही अकादमींत पदवीनंतर प्रवेश मिळतो, तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीबरोबर नाट्यप्रयोगांचा अनुभवही लागतो. तरीही पहिला अभिनयपाठ जवळच आहे. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसा यात्रेत तमाशाचे फड उतरतात, आणि माळशेज घाट ओलांडला की तमाशाची पंढरी म्हणवणारे नारायणगाव येते. गण, गवळण, बतावणी आणि वग या तमाशाच्या अंगांत गाणारा कलावंत गातानाच प्रेक्षकाला कसा खेळवतो आणि ढोलकीच्या एका थापेवर बोलण्याकडे कसा परततो, हे तेथे डोळे उघडे ठेवून पाहावे. संगीत नाटकाच्या अभ्यासकांनी तमाशाला दीर्घकाळ दाराबाहेर उभे केले, ही त्यांची चूक होती.

रंगमंचावरील प्रवेशासाठी राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धांपैकी संगीत नाटकांची स्वतंत्र स्पर्धा हे आजचे मुख्य दार आहे. रत्नागिरीच्या खल्वायनसारख्या संस्था याच स्पर्धेतून सातत्याने संगीत नाटके उभी करत आल्या आहेत, आणि गोव्यात देवळांच्या उत्सवांतून व कला अकादमीच्या स्पर्धांतून हीच परंपरा गावपातळीवर टिकून आहे. धसईसारख्या गावातून स्वतंत्र संघ उभा करणे पहिल्या वर्षी जमणार नाही. कल्याण-डोंबिवली-ठाण्याच्या एखाद्या संघात समूहगानात, छोट्या भूमिकेत किंवा अगदी पडद्यामागेही शिरकाव करून घ्यावा आणि मुख्य भूमिकेची पदे मात्र न सांगता पाठ करून ठेवावीत, कारण बदली कलाकाराची गरज नेहमी अचानक निर्माण होते.

गावात स्वतःचे नाटक बसवणाऱ्यांनी दोन कायदेशीर बाबी दुर्लक्षू नयेत. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. दुसरी बाब स्वामित्वहक्काची: भारतीय कायद्यानुसार लेखकाचा किंवा संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. किर्लोस्कर, देवल, गडकरी आणि १९४८ साली निवर्तलेले खाडिलकर यांची नाटके त्यामुळे सर्वांना मोकळी आहेत, परंतु विद्याधर गोखले (मृत्यू १९९६), अभिषेकी (१९९८), पुरुषोत्तम दारव्हेकर (१९९९) आणि वसंत कानेटकर यांच्या कृतींसाठी वारसांची किंवा हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागते. नवख्या संघाने ‘सौभद्र’ निवडण्याला त्यातील चालींच्या सोपेपणाइतकेच हेही कारण पुरेसे आहे.

पैशाच्या व्यवहारात नवोदित कलावंत संकोच करतात आणि फसतात. नाईट किती, ती प्रयोगाच्या दिवशी मिळणार की महिन्याने, प्रवास व दौऱ्यातील मुक्काम कोणाच्या खर्चाने, तालमींचे काही मिळणार काय, प्रयोग रद्द झाल्यास काय आणि चित्रीकरण करून ते समाजमाध्यमांवर टाकल्यास त्याचे काय, एवढे प्रश्न पहिल्या तालमीआधी विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. निदान मोबाइलवरील संदेशात तरी ती नोंदलेली असावीत. रक्कम पाकिटातून देण्याची नाट्यव्यवसायात जुनी रीत आहे, तरी बँक खात्यात मागण्यात अवघडण्यासारखे काही नाही. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून धसईचाच गाजावाजा झाला होता, तेव्हा निदान तेथील कलावंताला ही सवय सांगावी लागू नये. खात्यातील नोंदींचा उपयोग पुढे शिष्यवृत्तीच्या, कर्जाच्या आणि मानधनाच्या अर्जांत होतो. दहा ते चौदा वयोगटासाठी केंद्र शासनाच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची प्रतिभाशोध शिष्यवृत्ती आहे आणि अठरा ते पंचवीस वयाच्या तरुण कलावंतांसाठी केंद्राची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. ग्रामीण भागातून या दोहोंचे अर्ज वेळेवर जात नाहीत, याचे कारण बहुतेकदा शाळेपर्यंत माहितीच पोचत नाही हे असते, म्हणून संगीतशिक्षक नसलेल्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी तरी ही नोंद ठेवावी. उत्पन्नाचे इतर झरे म्हणजे दिवाळी पहाट व गणेशोत्सवातील नाट्यसंगीताचे कार्यक्रम, शिकवण्या, आकाशवाणीची श्रेणी मिळाल्यास तेथील कार्यक्रम, मालिकांतील छोट्या भूमिका आणि ध्वनिमुद्रणाची कामे. त्यांपैकी शिकवणी हाच झरा बारमाही वाहतो. उतारवयात राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेतून दरमहा पाच हजार रुपये मिळू शकतात, पण त्यासाठी आयुष्यभरातील प्रयोगांची कात्रणे, हस्तपत्रिका आणि प्रमाणपत्रे जपलेली असावी लागतात, आणि बहुतेकांचे अर्ज अडतात ते तेथेच.

आता बाजारपेठेविषयी थोडेसे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीत नाटकातील नट आठवड्याला आठ प्रयोग करतो. मराठी गायक-नटाला महिन्याला तेवढे मिळाले तरी ते भाग्याचे मानावे लागते. तथापि प्रेक्षक उरला नाही, ही तक्रार पूर्णपणे खरी नाही. प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ २०१७ मध्ये रंगभूमीवर आले, त्यात रंगमंचावर फक्त दोन पात्रे, आवली आणि लखुबाई, आणि दोन्ही अभिनेत्री स्वतः गाणाऱ्या, तरीही त्याला गर्दी लोटली. त्याचा सूर वारकरी परंपरेतला, भजन-ओवीच्या अंगाचा होता, ही गोष्ट धसईच्या हरिपाठात वाढलेल्या मुलीने विशेष लक्षात घ्यावी. जुन्या नाटकांची पुनरुज्जीवने होत राहतील, परंतु नव्या गायक-नटाची खरी संधी नव्या संहितेत आहे, आणि त्या संहिता लिहिणाऱ्यांना शहरी घोटीव गळ्यापेक्षा मातीचा गळा हवासा वाटू लागला आहे.

राहता राहिले पालकांचे काम. मुलाच्या हौसेचा निर्णय घेण्यापूर्वी त्याला एकदा कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनात संगीत नाटकाचा पूर्ण प्रयोग, तिसऱ्या घंटेनंतरच्या नांदीपासून भरतवाक्यापर्यंत, दाखवून आणावा. परतायला उशीर होईल, म्हणून कल्याणला मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मुलाला पदांविषयी काही विचारू नये. पदांच्या मधले संवाद त्याला किती आठवतात, तेवढेच पाहावे.